न्यायला कोण जाणार?

अगं, ये की अशी जवळ. तिकडं दाराशी बसून काय वाचतेस? दिवाळी अंक हातात पडला की आधी मागची पानं उलटून राशिभविष्य काढतेस, मला काय माहीत नाही? 'गृहसौख्य मध्यम' असंच लिहिलं असणार. सगळ्या राशींना तसंच लिहितात. ते मध्यम का असतं हे त्या शनीला काय विचारतेस, मला विचार. मी त्याच कामात केस पांढरे केलेत. आणि मी सांगायला लागले की मध्येच 'काकू, कुकर लावून येते' म्हणून उठायचं नाही. कुकर लावूनच बस.

माझं शिक्षण सातवी. आधी लातूरला आणि मग नांदेडला मी समुपदेशन केंद्रात काम केलं. 'समुपदेशन' हा शब्द मला नीट म्हणता यायला एक उन्हाळा गेला. आमच्या गल्लीतल्या बाया त्याला भांडणाचं हाफिस म्हणायच्या. "काकू, निघालाव का भांडणाच्या हाफिसात?" हाव बाई, निघाले. तुमच्या घरात फुकट होतं, तिथं बसून ऐकावं लागतं.

काम समजायला सोपं आहे. नवरा-बायकोचं बिनसलं की बाई पोलिसात जाते, नाहीतर गडी वकिलाकडं जातो. पोलीस म्हणतात, कोर्टही म्हणतं, आधी एकदा समोरासमोर बसून बोला. ते बसायचं ठिकाण म्हणजे आम्ही. आमच्याकडं ना शिक्का, ना काठी. खुर्च्या आणि पाण्याचा तांब्या, एवढंच. बायकोनं नांदायला यावं म्हणून नवरा कोर्टात गेला तर तो नांदण्याचा दावा. बायकोनं पोटापाण्याचं मागितलं तर ती खावटी. तुटलंच तर फारकत. आणि कागद कुणाचाही असो, वकिलांची एक ओळ ठरलेली असते: 'नातेवाइकांच्या सांगण्यावरून व चिथावणीवरून'. गावं बदलतात, नावं बदलतात, ही ओळ काही हलत नाही. लग्न दोघांचं, अर्ज दोघांचा आणि तारखेला जीप भरून माणसं उतरतात. कुणाची आई, कुणाची मावशी, कुणाचा भाऊजी, आणि एखादा तर असा, की त्याचं नातं काय ते त्यालाच सांगता येत नाही.

म्हणून माझी पहिली शिस्त खुर्च्यांची. खोलीत तीनच ठेवायच्या. नवरा, बायको आणि मी. बाकीच्यांनी बाहेर कडुनिंबाखाली बसायचं, तिथं चहा मिळेल. मग जो माणूस काही केल्या बाहेर जात नाही, त्याच्याकडं नीट बघायचं. दुखणं बहुतेक वेळा तिथंच असतं.

नांदेडच्या जुन्या वस्तीतलं एक शिलाईकाम करणारं घर होतं. मुलगी रुसून माहेरी आलेली, सोबत तिची खाला, म्हणजे मावशी. मी मुलीला नुसतं विचारलं, "जेवलीस का गं?" तर खाला पुढं झाली. "उसे क्या पूछते? हमकू पूछो. सुबू से कुछ नै खाई बच्ची." दुसरा प्रश्न विचारला, त्यालाही खालाच. शेवटी मी म्हटलं, "खालाजान, निकाह इसका हुआ के तुम्हारा?" मग तो जावई हळूच हसला. त्याला हसताना बघून ती पोरगी पण पदरात तोंड घालून हसायला लागली. खाला म्हणाली, "मेराच हुआ समझो! शादी का जोडा मैंच सी को दी!" पण उठली आणि बाहेर गेली बिचारी. दोघं एकदम हसली की अर्धं काम झालं, हे मी तिथं शिकले.

आता मात्र बाहेर घालवूनही उपयोग नसतो. एक आई इतकी शहाण्यासारखी उठून गेली की मला तिचं कौतुक वाटलं. आत जावई काहीतरी सांगून राहिला होता, तेवढ्यात लेकीच्या पर्समधून आवाज आला, "साफ खोटं बोलून राहिला त्यो!" फोन चालू ठेवून पर्समध्ये सरकवलेला. जावयानं पर्सला हात जोडले. "आई, तुम्ही जेवलाव का?"

हसतेस, हस. पण सगळीच गोष्ट हसायची नसते. इस्लापूरकडची एक पोर होती, अंगावर मार घेऊन आलेली. हिला परत पाठवू नका म्हणून मी तिच्या भावाला बजावून बजावून सांगितलं. चुलत्यानं भर घातली, लेकीची जात सासरीच शोभते. पाठवली त्यांनी. पुढं ती मला कधी दिसली नाही. कुठं आहे, कशी आहे, कुणी सांगत नाही. पावसाळ्यात तिकडचा धबधबा बघायला लोक गाड्या भरून जातात. मला जाववत नाही.

तेव्हापासून खोलीचं दार लावलं की माझा पहिला प्रश्न एकच. "भीती वाटते का?" उत्तर 'हाव' असेल तर मी समेटाचं नावसुद्धा काढत नाही. सरळ म्हणते, चल, पोलिसात जाऊ, कोर्टात जाऊ, मी येते बरोबर. कोर्टात जाण्यात काही वाईट नाही, ध्यानात ठेव. ज्यांना मार आहे त्यांनी जावंच. मी आता सांगणार आहे ती दुसरीच तऱ्हा.

अश्विनी भोकरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. बाप लहानपणीच वारला. गंगाधरमामानं, म्हणजे तिच्या आईच्या भावानं, दोघी मायलेकींना घरी आणलं, तिला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. नवरा बालाजी किल्लारीचा. लातुरात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं त्याचं दुकान. अश्विनी बाळंतपणाला माहेरी आली ती आलीच. मुलगी पालथी पडायला लागली तरी इथंच. त्यानं तिकडं नांदण्याचा दावा केला, हिनं इकडं खावटीचा अर्ज टाकला. बालाजीची मोठी बहीण सुमनआक्का, ती अर्जात सामनेवाली नंबर दोन. बालाजीच्या दाव्यात गंगाधरमामा चिथावणीखोर.

पहिल्या दिवशी अश्विनी मांडीवर लेकरू घेऊन बसली, शेजारच्या खुर्चीत मामा. मी म्हटलं, "मामा, जरा बाहेर बसता का?"

"मी कशाला भाईर? पोरीचा बाप बी मीच आन् मामा बी मीच."

"मग दोघंबी बाहेर बसा."

गेला, पण दाराच्या फटीतून त्याचा धोतराचा सोगा दिसत राहिला. मी पोरीला विचारलं, "भीती वाटते का?"

"न्हाई."

"हात उचलतो? पितो?"

"न्हाई काकू. शपथेवर सांगते. त्यांचा सोभाव लई गरीब हाय."

"आणि हे काय मग? अर्जात लिहिलंय, नणंद उपाशी ठेवते."

पोरगी खाली बघून म्हणाली, "ते वकीलसाहेबांनी लिहिलं. समद्यांच्यात लिहावं लागतं म्हणले."

"मग बाई, तू इथं का बसून राहिलीस?"

"न्यायला आले न्हाईत."

"तू जा की."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिला भर बाजारातून अनवाणी पळ म्हटलं होतं. "अशी कशी जाऊ काकू? न्यायला आल्याबिगर?"

पुढच्या तारखेला बालाजी आला. खाली मान, बोटांना वार्निशचा वास. त्यालाही तेच विचारलं. बायको पाहिजे? पाहिजे. लेकरू पाहिजे? डोळे भरले त्याचे. "मग गेला का नाहीस रे आणायला?"

"आमच्यात माहेरचे आणून सोडतेत. न्यायला जात न्हाईत. आक्का म्हणाली, आपण गेलो तर आपलंच चुकलं असं होतंय."

घे. भोकरच्या घराची रीत अशी, की सासरचा माणूस न्यायला आल्याशिवाय लेक धाडायची नाही. किल्लारीच्या घराची रीत अशी, की माहेरच्यांनी लेक आणून घालायची. दोन्ही घरं आपापल्या उंबऱ्यात बसून वाट बघायलीत, आणि दोघांनाही वाटतंय की समोरच्यानं अपमान केला. न्यायला कुणी गेलं नाही म्हणून न्यायालयात गेले! मी हे केंद्र चालवणाऱ्या आमच्या बाईंना सांगितलं तर त्या हसल्या, मीही हसले. पण लेकरू तोवर रांगायला लागलं होतं.

पण मला राहून राहून वाटायचं, रीत एवढी घट्ट नसते. माणसाच्या मनात असलं तर रीत वाकते. काहीतरी आत सलत असणार. मी पाण्याचा तांब्या घेऊन कडुनिंबाखाली गेले. जीपमधली माणसं एकीकडं, आणि सुमनआक्का त्यांच्यापासून लांब, एकटी, पाठ ताठ करून बसलेली.

"आक्का, पाणी घ्या."

"मला नगं. तुम्ही त्या मामाला इचारा, लेकराचं नाव कुणी ठिवलं."

आणि मग बाई बोलली. बारशाला नाव आत्यानं ठेवायचं, हे तुला सांगायला नको. बाळाच्या कानाला आधी आत्याचं तोंड लागतं. आक्का किल्लारीहून भल्या पहाटे निघाली, अंगडं-टोपडं घेऊन. वाटेत जीप बंद पडली. भोकरच्या पुढं फोन लागेना. "मी दारात पोचले तवा पाळणा हालायलता. बाया घुगऱ्या खायलत्या. मामाची सून नाव सांगून मोकळी झालती. मला म्हणले, या आत्याबाई, घुगऱ्या घ्या."

मी म्हटलं, "वाईट झालं."

"तुम्हाला काय कळतंय वाईट? भूकंपात माय गेली तवा ह्यो बाल्या अंगावर पिणारा. मी बारा-तेरा वर्षांची. मातीतून त्याला मीच काढलं. पत्र्याच्या शेडात शेळीचं दूध पाजून वाढिवलं. त्याच्या लेकीच्या कानात मायचं नाव सांगावं, एवढंच माझ्या मनात होतं. आन् हे म्हणतेत घुगऱ्या घ्या."

आता सांग, यातलं एक अक्षर तरी कुठल्या अर्जात होतं? नव्हतं. मामाला विचारलं तर त्याचंही खरं. "मुहूर्त टळत होता, भटजी घाई करून राहिले, चारदा फोन लावला. अन् आलेल्या पाव्हण्याला घुगऱ्या घ्या न्हाई म्हणावं तर काय म्हणावं?" चूक कुणाचीच एवढी मोठी नाही. पण एकानं म्हटलं असतं, चुकलं बाई, तर दावा टाकावाच लागला नसता.

मी दोघांनाही आत घेतलं, खुर्च्यांची शिस्त मोडून. म्हटलं, मामा, घरातल्या बायकांकडून आक्काची ओटी भरवा आणि 'चुकलं' एवढा एक शब्द बोला. आक्का, मग तुम्ही भोकरला या.

मामा म्हणाला, "मी लेकीकडचा म्हणून वाकायचं व्हय? वाकतच आलो की."

आक्का म्हणाली, "त्या दारात माझं पाऊल पडणार न्हाई."

झालं. पुढची तारीख. मग त्याच्या पुढची. उन्हाळा गेला, पंचमी गेली. अश्विनीची लेक आमच्या खोलीतच चालायला शिकली. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जायची, माझ्या तांब्यात हात घालायची. दर तारखेला मी तेच बोलायची, दर तारखेला ती दोघं तसंच नाही म्हणायची, आणि मधल्या दोन खुर्च्यांवर नवरा-बायको खाली बघत बसायची. मी काही सोडणारी नव्हते. आमच्या बाई म्हणाल्या, काकू, समेट होत नाही असं लिहून पाठवू, कोर्ट बघेल. मी म्हटलं, अजून एकदा बसू द्या.

त्या दिवशी लेकरू तुरुतुरु चालत बालाजीच्या गुडघ्याला जाऊन धडकलं. त्यानं त्याला उचलून घेतलं. पोरीनं त्याच्या मिशीला हात लावला, त्याच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "मामा."

घरात ती मामाच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. आई ज्याला मामा म्हणते तो मामा. तिच्या लेखी मिशी असलेला प्रत्येक माणूस मामा.

बालाजी लेकराला छातीशी धरून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आणि अश्विनी उठली. इतके दिवस जी पोरगी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत बसायची, ती उठली आणि मला म्हणाली, "काकू, आमाला पुढची तारीख देऊ नका."

मला वाटलं, संपलं. फारकत मागते आता.

ती नवऱ्याकडं वळली. "लातूरची गाडी कधी हाय?"

बालाजीला समजेना. "घंट्याभरानं असती. का?"

"मला न्यायला कुणी येऊ नका, आन् सोडायला बी कुणी येऊ नका. मी माझी येते."

मामा खुर्चीतून उठला. "अशी? अंगावरल्या लुगड्यानिशी? लोक म्हणतील पोरगी पळून गेली."

"नवऱ्यासंगं कोण पळून जातं का मामा?"

मला हसू आलं, पण मी तोंड दाबून धरलं. मामा चिडला नव्हता, घाबरला होता. "माझा काही मान हाय का न्हाई?"

तिनं त्याचे पाय धरले. मग उठून म्हणाली, "तुम्ही माझ्या बापाच्या जागी हाव मामा. मला बाप नव्हता म्हणून. हिला हाय."

मग ती आक्काच्या समोर गेली. "आक्का, नावाचं चुकलं. मी पाळण्यापाशीच होते, मी थांबा म्हणायला पायजे होतं. पण मी येते ती लातूरला येते, दुकानावरच्या खोलीत. किल्लारीला सणावाराला येईन, तुम्ही बी कवाबी या. पर माझ्या घरात काय शिजवायचं, कुणी कवा माहेरी जायचं, ते आमी दोघं ठरवू."

आक्काचा चेहरा दगडासारखा. तिनं बालाजीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. इतक्या तारखांत या माणसानं आक्कापुढं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. मी मनात म्हणत होते, बोल रे बाबा, आज नाही बोललास तर कधीच नाही.

"आक्का," तो म्हणाला, "मी चाललो हिच्यासंगं."

"जा की. मी कुठं धरलाय?" आक्का म्हणाली. आणि तिच्या मुठीत त्याची बाही होती. तिचं तिलाही कळलं नव्हतं. त्यानं सोडवून घेतली नाही, तसाच उभा राहिला. थोड्या वेळानं तिनं आपणच मूठ उघडली.

गेली तिघं. रिक्षा केली आणि बसस्टँडवर गेली. लेकराचे कपडे भोकरलाच राहिले, अश्विनीच्या हातात फक्त दुपट्याची पिशवी. खटल्यातली माणसं निघून गेली आणि खटला मात्र खोलीत बसून राहिला. या खुर्चीवर मामा, त्या खुर्चीवर आक्का. भांडायला दोघांकडं आता काहीच नव्हतं. मी चहा सांगितला. दोघांनी खाली बघत घेतला. बऱ्याच वेळानं आक्का बशीकडं बघून म्हणाली, "लेकराला दूध कंचं देता वो? गाईचं का म्हशीचं?"

"गाईचं," मामा म्हणाला. "थोडं पाणी घालून. न्हाईतर पोट बिघडतं तिचं."

"सांगते तसं बाल्याला," आक्का म्हणाली.

दोन्हीकडचे अर्ज रीतसर मागं घेतले गेले. आता सगळं गोड झालं म्हणू नकोस, मी खोटं सांगणार नाही. मामा वर्षभर अश्विनीशी बोलला नाही. गावची माणसं लातूरला दवाखान्याला आली की तिनं त्यांच्याबरोबर निरोप धाडले, तरी नाही. आक्का त्या पोरीला कागदावरच्या नावानं हाक मारतच नाही, आपल्या आईच्या नावानं मारते, आणि त्यावरून नणंद-भावजयीची अजून कुरबूर होते. होऊ दे. पोरगी दोन्ही नावांना ओ देते. पण पुढच्या पंचमीला अश्विनी लेकीला घेऊन एसटीनं भोकरला गेली. ना बोलावणं, ना न्यायला कुणी. मामानं दार उघडलं आणि इकडंतिकडं बघून विचारलं, "कोण घेऊन आलं?" ती म्हणाली, "कुणी न्हाई. आमची आमी आलो." मामानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आत गेला. हे तिनं मला फोनवर सांगितलं.

तर असं असतं गृहसौख्य. आता तुझं सांग. तू मघापासून नुसती ऐकून राहिलीस, पण दिवाळीला माहेरी आल्यापासून तुझा चेहरा मला काही बरा दिसत नाही. सगळ्यांसमोर नको बोलूस. पाहुणे पांगले की नांदेडला ये माझ्याकडं, चार दिवस राहायलाच ये. आता काम सुटलंय, माझ्याकडं वेळच वेळ आहे. तुझ्या आवडीचं भाजणीचं थालीपीठ लावते, अंगणात बाज टाकते. लवकर ये. आणि हे बघ, घरी सांगून ये, विचारून नको.